युरोपातल्या वीज-गॅस-विंड कंपनीत आहात? ऊर्जा धोरणात युनियनमार्फत आपलं म्हणणं कसं पोचवायचं

जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्ककडे आपली बरीच मराठी मंडळी वीज कंपन्यांत, पवनचक्क्या बनवणाऱ्यांकडे, ग्रिडच्या सॉफ्टवेअरमध्ये कामाला आहेत आणि बहुतेकांचा समज असा की ऊर्जा धोरण म्हणजे ब्रसेल्समध्ये कोणीतरी ठरवतं आणि आपण फक्त एचआरचा मेल वाचायचा की अमुक प्लांट अमुक साली बंद. तसं नाहीये. इकडे कामगारांना कायद्यानेच बऱ्याच ठिकाणी खुर्ची दिलेली आहे, फक्त ती कुठे आहे आणि तिथे कधी जाऊन बसायचं हे कोणी आपणहून सांगत नाही. मी जास्त जर्मनीचंच लिहितोय कारण तिथली पद्धत सगळ्यात पक्की आहे, बाकी देशांत नावं बदलतात, जिना साधारण तोच.

आधी एक गोंधळ मिटवूया. आपल्याकडे युनियन म्हटलं की सगळं त्यातच आलं, गेट मीटिंग, मागणीपत्र, वाटाघाटी, संप. जर्मनीत हे दोन वेगळे डबे आहेत. एक बेट्रिब्सराट म्हणजे वर्क्स कौन्सिल, ती त्या ठिकाणच्या सगळ्या कामगारांनी निवडलेली असते, तुम्ही युनियनचे मेंबर असा नसा, पण ती संप पुकारू शकत नाही. दुसरी युनियन, जी पगाराचे करार करते आणि संप करू शकते. दोन्हीकडे पाय हवा.

वर्क्स कौन्सिल पाच कामगार असतील तिथपासून निवडता येते. नियमित निवडणुका दर चार वर्षांनी मार्च ते मे मध्ये, म्हणजे २०२२, २०२६, २०३० अशा. मत द्यायला पासपोर्ट कुठला हे कोणी विचारत नाही, आणि कंपनीत सहा महिने झाले की उभं पण राहता येतं. फक्त बड्या मॅनेजरांना, ज्यांना लाइटेंडे आंगेश्टेल्टे म्हणतात, मत नाही. एजन्सीमार्फत आलेल्यांना तीन महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी घेतलं असेल तर मत आहे. पण पुण्याच्या आयटी कंपनीने क्लायंटकडे ऑनसाइट पाठवलंय आणि कामाचा करार दोन कंपन्यांमधला आहे, तर क्लायंटच्या निवडणुकीत तुम्हाला मत नाही, तेव्हा आपला करार कुठल्या प्रकारचा आहे ते आधी बघा.

आता युनियन कुठली? वीज आणि गॅस कंपन्यांत बहुतेक करून वेर्डी किंवा आयजी बीसीई, आणि पवनचक्क्या बनवणाऱ्या कारखान्यांत आयजी मेटल. वेर्डी आणि आयजी मेटलची वर्गणी ब्रुटो पगाराच्या, म्हणजे कर-कपाती आधीच्या पगाराच्या, एक टक्का. हे ऐकून बरेच जण मागे सरकतात, पावती फाडायला आपण तसे कंजूषच. आणि ग्रीन कंपनी आहे म्हणजे कामगारांशी आपोआप चांगली वागेल अशा भ्रमात पण राहू नका, वेस्टासच्या जर्मनीतल्या सर्व्हिस कामगारांना पगाराचा सामूहिक करार मिळवायला २०२२-२३ मध्ये संपाचे १२३ दिवस काढावे लागले.

इथपर्यंत सोपं होतं. धोरणात शिरायचा पहिला खरा दरवाजा म्हणजे माहिती. शंभरपेक्षा जास्त कायम कामगार असतील तर वर्क्स कौन्सिलला विर्टशाफ्ट्सआउसशुस नावाची आर्थिक समिती नेमता येते आणि कंपनीला आपली आर्थिक परिस्थिती, गुंतवणूक, बंद करायचे विचार हे सगळं तिला वेळेत सांगावं लागतं. त्याच्या वर सुपरवायझरी बोर्ड, म्हणजे कंपनीच्या व्यवस्थापनावर देखरेख ठेवणारं मंडळ. दोन हजारांपेक्षा जास्त कामगारांच्या कंपनीत १९७६ च्या कायद्याने त्यातल्या अर्ध्या जागा कामगारांच्या, त्यातल्या काही युनियनच्या प्रतिनिधींना राखीव (बरोबरी झाली तर अध्यक्षाचं जादा मत आणि अध्यक्ष बहुतेक मालकांच्या बाजूचा, त्यामुळे अगदी हुरळून जायला नको). कोळशाचं युनिट कधी बंद होणार, हायड्रोजनवर पैसा जाणार का, हे मंत्रालयाच्या आधी इथे कळतं. कंपनी दोन-चार देशांत पसरलेली असेल, म्हणजे एकूण हजार कामगार आणि निदान दोन देशांत प्रत्येकी दीडशे, तर युरोपियन वर्क्स कौन्सिल मागता येते.

माहिती मिळाली की लगेच मोर्चाचा विचार करू नका, आधी आपला स्वतःचा प्लॅन कागदावर काढा, आणि निर्णय व्हायच्या आत काढा. याचं उदाहरण आपल्या मुंबईशीच जोडलेलं आहे. टाटा स्टीलचा नेदरलँड्समधला आयमाउडेनचा कारखाना कोळशावर चालतो, आणि कंपनीचा विचार असा होता की धूर पकडून कार्बन समुद्राखालच्या रिकाम्या गॅसफिल्डमध्ये पुरायचा. तिथल्या एफएनव्ही युनियनने ग्रीन स्टील नावाचा स्वतःचा प्लॅन मांडला, कार्बन पुरण्यापेक्षा सरळ हायड्रोजनच्या मार्गाने जा, म्हणजे कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून पोलाद बनवा म्हणून, आणि तो तज्ज्ञांकडून तपासला जाईल इतपत पक्का ठेवला. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीने हायड्रोजनचाच मार्ग जाहीर केला. आता तीच टाटा, पण वेल्समधलं पोर्ट टॅल्बट. तिथेही कम्युनिटी आणि जीएमबी या युनियननी सिंडेक्स या सल्लागारांकडून पर्यायी प्लॅन करून घेतला होता, कागद चांगला होता, पण तो आला नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि ब्रिटिश सरकार आणि कंपनी यांचा ५० कोटी पौंडांच्या मदतीचा सौदा सप्टेंबरमध्येच जाहीर झालेला. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने नाही म्हणून सांगितलं, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटची ब्लास्ट फर्नेस विझली. उशीर हे एकच कारण नव्हतं हे मान्य, ब्रिटनमध्ये कामगारांना बोर्डात तशी जागाही नाही, पण पैशाची सही झाल्यावर आलेला प्लॅन कोण वाचणार? आणि आयमाउडेनला सगळं गोड झालं असंही नाही, एप्रिल २०२५ मध्ये तिथे १६०० नोकऱ्या कमी करायचं जाहीर झालंच.

प्लॅनमध्ये काय लिहायचं? बहुतेक जण न्याय, सन्मान, भविष्य असले शब्द लिहितात. ते असू द्या, पण सगळ्यात कामाचा कागद म्हणजे वयाची यादी: किती जण कुठल्या वयाचे, कुठलं लायसन्स, कुठलं स्किल, कोण घर सोडून दुसऱ्या गावी जाऊ शकतो. कारण शेवटी सौदा वयावरच ठरतो. स्पेनमध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकार, कोळसा कंपन्या आणि सीसीओओ, यूजीटी, यूएसओ या युनियनचा करार झाला, २५ कोटी युरोचा, त्यात खाणकामगारांना ४८ व्या वर्षापासून लवकर निवृत्ती. जर्मनीत कोळशाच्या कामगारांना ५८ व्या वर्षापासून जास्तीत जास्त पाच वर्षं सरकारी भत्ता. आकडा एका वर्षाने इकडे-तिकडे झाला की शंभर-दोनशे घरांचं गणित बदलतं, आणि तुमच्याकडे यादी नसेल तर तो आकडा कंपनीच सांगणार. ४० च्या आसपासचे लोक यात नेहमी मधेच लटकतात, निवृत्तीला लहान आणि नवीन शिकायला म्हणे मोठे, त्यांच्यासाठी वेगळं पान लिहा. आपली बहुतेक मंडळी त्याच वयात आहेत.

हा कागद घेऊन मग देशाच्या पातळीवर. कोळसा कधी आणि कसा बंद करायचा ते सुचवायला नेमलेल्या जर्मनीच्या कोळसा आयोगात मताचा हक्क असलेले २८ सदस्य होते, त्यात आयजी बीसीई, वेर्डी आणि डीजीबी या महासंघाची माणसं होती, आणि जानेवारी २०१९ च्या त्यांच्या अहवालातून कोळसा बंद करायची २०३८ ची मुदत आणि कोळशाच्या प्रदेशांसाठी ४० अब्ज युरो आले. पोलंडमध्ये खाणकामगारांच्या युनियननी २८ मे २०२१ ला सरकारशी सोशल कॉन्ट्रॅक्ट केला आणि दगडी कोळशाच्या खाणी २०४९ पर्यंत लांबवल्या. माझं मत विचाराल तर पोलंडवाल्यांनी वेळ मिळवला पण नव्या नोकऱ्यांचं काम मागे पडलं, स्पेनवाल्यांनी उलट केलं. प्रदेशाच्या पातळीवर युरोपियन युनियनचा जस्ट ट्रान्झिशन फंड आहे, कोळशासारख्या उद्योगांतून बाहेर पडणाऱ्या प्रदेशांसाठी, २०१८ च्या किमतीत १७.५ अब्ज युरो, २०२१ ते २०२७ साठी. त्याचे प्लॅन प्रदेशवार असतात आणि ते बनवताना युनियनना बरोबर घ्यावं असा नियमच आहे, देखरेख समितीत पण. तिथे मीटिंगला कंटाळवाणे फोल्डर वाटतात, पण पैसा त्याच फोल्डरमध्ये असतो, वाचा.

ब्रसेल्स मुद्दाम शेवटी ठेवलंय. तिथे ईटीयूसी हा युरोपभरच्या युनियनचा महासंघ, आणि वीज-गॅससाठी एप्सू आणि इंडस्ट्रीऑल युरोप हे युनियनचे संघ. मालकांच्या बाजूने विजेत युरेलेक्ट्रिक, आणि या दोन्ही बाजूंनी बसून बोलायची सेक्टोरल सोशल डायलॉग कमिटी. लोकांची एक गल्लत होते ती अशी की युरोपियन युनियनच्या मूळ कराराच्या कलम १५४ ने युरोपियन कमिशनला, म्हणजे कायद्यांचे प्रस्ताव मांडणाऱ्या संस्थेला, युनियन आणि मालकांना दोनदा विचारावंच लागतं, पण ते सामाजिक धोरणाच्या कायद्यांसाठी. ऊर्जेचे कायदे कलम १९४ खाली येतात, तिथे ही सक्ती नाही, तिथे युनियन म्हणजे रांगेतल्या कंपन्या, लॉबीवाले, एनजीओ यांच्यासारखीच एक. म्हणून कमिशनचा प्रस्ताव आला की आठ आठवड्यांच्या फीडबॅकमध्ये आपल्या युनियनमार्फत म्हणणं टाका, पण त्यावरच थांबू नका, युरोपियन पार्लमेंटच्या इंडस्ट्री-एनर्जी आणि एम्प्लॉयमेंट कमिट्यांत दुरुस्त्या सुचवून घ्या, आणि तुमच्या भागातल्या खासदाराला प्लांटवर बोलवा. एकट्याने मेल पाठवून तिथे काही होत नाही, मुद्दा तुमच्या युनियनच्या ऊर्जा विभागाकडे द्या, ते वर पाठवतात.

शेवटी सगळ्यांच्या मनातला प्रश्न, यात पडलो तर नोकरी जाईल का. युनियनचं सभासदत्व जर्मनीच्या घटनेच्या कलम ९ ने संरक्षित आहे. वर्क्स कौन्सिलला उभे राहिलात तर उमेदवारीपासून निकालानंतर सहा महिन्यांपर्यंत साध्या नोटिशीने काढता येत नाही, निवडून आलात तर त्याहून जास्त. आणि वेर्डी, आयजी मेटलची कामाच्या भानगडीतली वकिली मदत सभासद होऊन तीन महिने झाल्यावर सुरू होते, म्हणजे प्लांट बंद होणार अशी कुजबूज कानावर आली की फॉर्म त्याच आठवड्यात भरा, नोटीस हातात पडल्यावर भरलात तर त्या केससाठी त्याचा उपयोग नाही.