खडी रेल्वेने पाठवताना वाघीण कशी भरावी

दगडखाणीवरून रेल्वेने खडी पाठवण्याची पहिलीच वेळ असेल, तर बहुधा एक चूक ठरलेली असते: वाघीण, म्हणजे रेल्वेचा मालडबा, अजून रिकामी दिसते म्हणून पेलोडर (बकेटने खडी उचलून भरणारे यंत्र) चालू ठेवला जातो. काठोकाठ भरलेल्या कोळशाच्या गाड्या पाहून डोळ्यांना सवय झालेली असते. परंतु दगडाच्या बाबतीत जागा उरलेली असतानाच वजन संपते, आणि सारे काम या एका गोष्टीभोवती आखावे लागते.

बॉक्सएन जातीची उघडी वाघीण आतून सुमारे ९.७८ मीटर लांब, २.९५ मीटर रुंद आणि १.९५ मीटर उंच असते. म्हणजे तिच्यात ५६ घनमीटर माल मावू शकतो. मात्र तिची मूळ वहनक्षमता ५८.८१ टन आहे आणि बेसॉल्टची फोडलेली खडी घनमीटरला साधारणपणे दीड ते १.६ टन भरते. हा आकडा १.५५ धरल्यास ३८ घनमीटरांतच वजन पुरे होते, माल तळापासून १.३ मीटरवर येतो, आणि वरची सुमारे ६५ सेंटिमीटर भिंत मोकळीच राहायला हवी. आपला दख्खनचा काळा दगड असो की झारखंडमधील पाकूरची खडी, दोन्ही बेसॉल्टच; त्यामुळे हा हिशेब दोन्हीकडे जवळपास सारखाच राहतो.

तरीही दुसऱ्याचा आकडा वापरू नये. आपल्या क्रशरच्या खडीने डंपरचा हौदा सपाट भरावा, हौद्याची लांबी, रुंदी व उंची टेपने मोजावी, वजनकाट्यावर निव्वळ वजन घ्यावे आणि त्याला घनमीटरांनी भागावे. प्रत्येक मापाच्या खडीसाठी हे वेगळे करावे लागते, आणि पावसाळ्यात पुन्हा करावे लागते, कारण चुरी मिसळलेली खडी बरेच पाणी धरून ठेवते.

वाघिणीच्या बाजूवर तिचे रिकामे वजन आणि वहनक्षमता रंगवलेली असते. मार्गाच्या मंजूर आसभारानुसार (चाकांच्या एका आसावर येणाऱ्या भारानुसार) रेल्वे मूळ क्षमतेहून अधिक भरण्यास परवानगी देते, म्हणून इंडेंट, म्हणजे वाघिणींची मागणी, नोंदवतानाच आपल्या मार्गासाठी व आपल्या मालासाठी लागू असलेली मर्यादा मालधक्क्यावर विचारून लिहून घ्यावी. रेकमध्ये, म्हणजे वाघिणींच्या जोडलेल्या रांगेत, बॉक्सएनएचएल या दुसऱ्या जातीच्या वाघिणीही आल्या असतील, तर त्यांचे माप आणि क्षमता वेगळी असल्याने त्यांचा हिशेब स्वतंत्र करावा.

रेक लागल्यावर आधी तळ पाहावा. मागच्या खेपेचा चिकटलेला माल तसाच राहिला, तर तो आपल्याच वजनात मोजला जातो. बाजूचे दरवाजे नीट बसले आहेत का आणि त्यांच्या खिळी जागेवर आहेत का, हे हात लावून तपासावे, कारण फटीतून गळणारी खडी रुळांच्या सांध्यांवर आणि गाडीचा रूळ बदलणाऱ्या काट्यांवर पडून धोका निर्माण करते. त्यानंतर हिशेबाने आलेल्या उंचीवर आतल्या भिंतींवर चारही बाजूंनी खडूने ठळक रेषा ओढावी. बॉक्सएनमध्ये दहा सेंटिमीटर उंची चुकली, तर जवळपास साडेचार टनांचा फरक पडतो. रेषेचे मोल यावरूनच कळते.

अडीच घनमीटरांचे बकेट असल्यास एका वाघिणीला साधारण पंधरा बकेटे लागतात. पहिली दोन-तीन बकेटे खालून, हळूच सोडावीत, म्हणजे तळाच्या पत्र्यावर आघात होत नाही आणि पुढच्या दगडांना खडीचीच गादी मिळते. भरताना दोन्ही बोगींवर (वाघिणीच्या दोन टोकांखालच्या चाकांच्या चौकटींवर) आलटून-पालटून माल टाकावा. पेलोडर एकाच बाजूने चालत असल्यास पलीकडची बाजू ओस राहते; बोगीच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा वाकून पाहिल्या, तर कोणती बाजू अधिक दबली आहे हे स्पष्ट दिसते. सपाटीकरण शक्यतो बकेटनेच करावे. साइडिंगवर, म्हणजे माल भरण्याच्या बाजूच्या रुळावर, विद्युत तार असेल, तर वीजप्रवाह बंद केल्याची लेखी खात्री मिळेपर्यंत कोणत्याही मजुराला वाघिणीवर चढू देऊ नये. ती तार २५,००० व्होल्टची असते आणि तिला स्पर्श न होताही माणूस दगावू शकतो. भरणीला उशीर झाल्यास लागणाऱ्या विलंब आकाराच्या भीतीने येथे घाई करणे मला कोणत्याही कारणाने मान्य नाही.

वजन गाडी चालती असतानाच रुळावरील वजनकाट्यावर घेतले जाते. मर्यादेपेक्षा अधिक भार आढळल्यास रेल्वे अधिनियम, १९८९च्या कलम ७३ अन्वये दंडात्मक आकार लागतो, शिवाय माल उतरवावा लागला तर त्याचा खर्च वेगळा. म्हणून पहिल्या रेकला रेषेच्या थोडे खालीच थांबावे, वाघीणनिहाय वजनाची यादी मागून घ्यावी आणि पुढच्या रेकची रेषा त्या यादीवरून ठरवावी.

भरणी संपल्यावर कपलर (वाघिणी एकमेकींना जोडणारे आकडे), बोगीच्या चौकटी आणि वाघिणीच्या कडा यांवर अडकलेले दगड खरवडून काढावेत, चाकांपुढचा रूळ झाडून घ्यावा, आणि त्यानंतरच रेक भरल्याची वेळ नोंदवण्यास सांगावे.