कपाटातली रिकामी घरं: मुलांच्या वयानुसार वेगवेगळ्या समाजांची पुस्तकं कशी निवडावीत

नवी पुस्तकं आणायला निघण्याआधी घरात किंवा वर्गात आहेत ती सतरंजीवर पसरा. पंचवीस-तीस असली तरी पुरे. वहीत पाच रकाने आखा: मुख्य पात्र कोण, ते कुठे राहतं, काय खातं, घरातली मोठी माणसं पोटासाठी काय करतात, आणि गोष्टीतली अडचण शेवटी कोण सोडवतं. प्रत्येक पुस्तकाला एक ओळ. तासाभराचं काम आहे. प्राण्यांच्या गोष्टीही मोजा. सशाच्या बिळात आई पोळ्या लाटते आणि बाबा पेपर वाचतात, तेव्हा ते बीळही एक विशिष्ट घरच असतं.

बहुतेक कपाटांत या रकान्यांतून एकच घर वर येतं: फ्लॅट किंवा टुमदार वाडा, नोकरीवाले बाबा, वरण-भात, दिवाळी, सुट्टीत आजोळ. त्या घरात वाईट काही नाही. पण शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मुलानं अर्धं वर्ष आईबापांसोबत ऊसतोडीवर, कोपीत (पाचटाच्या झोपडीत) काढलेलं असतं. आणखी कोणी घरी दखनी बोलतं, कोणाची आई पहाटे बंदरावरून मासळी उचलते. यांचं घर एकाही पानावर सापडत नाही. वहीतले हे कोरे रकाने म्हणजेच खरेदीची यादी.

यादी भरताना आधी आपला जिल्हा, मग राज्य, मग देश आणि मग जग असं जा. उलटं केलं की मुलांना इग्लू माहीत असतो आणि गावाबाहेरचा तांडा माहीत नसतो. पहिल्या वीस पुस्तकांची वाटणी साधारण अशी चालते: आठ महाराष्ट्रातल्याच वेगवेगळ्या घरांची, सहा इतर राज्यांतली, चार परदेशातली आणि दोन अशी की ज्यांत मराठीसोबत दुसरी भाषा आहे. ही शेवटची दोन लोक हमखास गाळतात. गाळू नका, त्यांचा उपयोग पुढे येतोच.

दुकानात उभ्या उभ्या करायची तपासणी

मजकूर वाचायच्या आधी नुसती चित्रं चाळा. पानाच्या मध्यभागी कोण आहे आणि कडेला, पाठमोरं, ओझं वाहताना कोण आहे? आदिवासी दिसले की ते नाचतच आहेत का, हातात भाला, कमरेला पानं? पालघरची किंवा गडचिरोलीची मुलं गणवेश घालून, दप्तर घेऊन शाळेत जातात. चित्रकाराला हे माहीत नसेल तर लेखकालाही बहुधा नसतं. मुसलमान पात्र फक्त ईदच्या पानावर शीरखुर्म्याची वाटी घेऊन येतं का? आपल्याला हवं ते पुस्तक असं, की ज्यात आयेशाचा चेंडू एका साध्या मंगळवारी हरवतो आणि अख्खी गल्ली तो शोधते.

मग शेवटची दोन पानं बघा. वस्तीतल्या मुलीची अडचण शहरातून आलेल्या ताई किंवा साहेब सोडवत असतील, तर मुखपृष्ठावर कितीही सुंदर मुलगी असली तरी गोष्ट ताईंची आहे. अपंग मुलाचंही तसंच: तो फक्त इतरांना धडा शिकवायला आला असेल तर पुस्तक परत ठेवा.

तिसरी गोष्ट, श्रेयनामावलीचं पान. गोष्ट कोणी सांगितली, चित्रं कोणी काढली, अनुवाद कोणाचा? ‘एक आदिवासी लोककथा’ एवढंच छापलं असेल आणि वारली, कोरकू की माडिया हे कुठेच नसेल, तर संकलकानं फारसे कष्ट घेतलेले नाहीत. वारली चित्रांबाबत तर डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. लग्नघरात सवासिणी तांदळाच्या पिठानं देवचौक लिहितात, त्या परंपरेतून आलेली ही चित्रं आज कुठल्याही गोष्टीभोवती नक्षी म्हणून चिकटवली जातात. याच्या उलट चांगला नमुना बघायचा तर चेन्नईच्या तारा बुक्सचं ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ (२००६) हातात घ्या. भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंह उर्वेती या गोंड चित्रकारांचं ते स्वतःचं पुस्तक आहे. झाडं त्यांची आणि झाडांबद्दलचं सांगणंही त्यांचं.

चौथं, दोन पानं मोठ्यानं वाचा. जीभ तीनदा अडखळली तर मूलही अडखळणार. हिंदीवरून घाईनं केलेला अनुवाद ओळखायला सोपा असतो: ‘शिक्षा’ शब्द ‘शिक्षण’ या अर्थानं येतो, किंवा कोणी काही ‘करण्याची चेष्टा’ करतं. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. मुलांचा अर्थाचा पार गोंधळ उडतो.

पाचवं, बोली कोणाच्या तोंडी आहे? वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी फक्त नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या वाट्याला आली असेल, तर ती भाषा घरी बोलणाऱ्या मुलाला तुम्ही ‘तू हसण्याजोगा आहेस’ असंच सांगत असता.

कुठल्या वयाला काय

तीन वर्षांपर्यंत जाड पुठ्ठ्याची, आठ ते बारा पानांची पुस्तकं. विषय चेहरे, हात, भांडी, झोप. मराठीत अशी, आणि त्यातही वेगवेगळ्या घरांची, फार कमी मिळतात. म्हणून स्वतः करावीत. ओळखीच्या दहा माणसांचे (भाजीवाल्या मावशी, रिक्षावाले काका, वरच्या मजल्यावरची नानी) त्यांना विचारून फोटो घ्या, चार बाय सहा इंचांत छापा, लॅमिनेट करा आणि डाव्या बाजूला दोन भोकं पाडून जाड दोऱ्यानं बांधा. कोपरे गोल कापायला विसरू नका. लॅमिनेटचा टोकदार कोपरा डोळ्याला लागतो आणि या वयात पुस्तक आधी तोंडात जातं. दोरा आखूड ठेवा, लोंबता नको.

चार ते सहाला सोळा ते चोवीस पानं, पानावर एक ते तीन ओळी, अक्षर निदान वीस पॉइंटचं. इथली नेहमीची चूक म्हणजे ‘आपले सण’ छापाचं पुस्तक: आठ पानं, आठ सण, आठ पोशाख. त्यातून मुलाला माणूस भेटत नाही, लेबल भेटतं. त्याऐवजी रोजचं काही घ्या. डब्यात काय आहे, पाणी कुठून येतं, बाळाला कोण झोपवतं. एका पुस्तकात भाकरी, दुसऱ्यात बांबूच्या कोंबांची भाजी, तिसऱ्यात इडली, आणि कुठेही ‘बघा किती वेगळं!’ असा सूर नाही. वाचतानाही तो सूर लावू नका.

सात ते नऊ हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मजेचं वय. मूल स्वतः वाचू लागतं. पण जे ऐकून समजतं त्याच्या निम्मंही त्याला वाचता येत नाही. म्हणून दोन ढीग ठेवा, एक त्यानं वाचायचा आणि एक तुम्ही वाचून दाखवायचा. दुसऱ्या ढिगात दूरच्या प्रदेशांच्या लोककथा ठेवा, कारण अनोळखी नावं त्यात येतात. मणिपुरी किंवा नायजेरियन नाव आदल्या दिवशी दोन-चारदा म्हणून बघा. ऐनवेळी अडखळून ‘काहीतरी अवघड नाव आहे’ म्हणत हसलात, की पुढची सगळी गोष्ट हसण्यावारी जाते.

याच वयात मुलांना न्याय-अन्यायाचं फार लागतं, तेव्हा भेदभावाच्या गोष्टी चालतात. मात्र एक पथ्य पाळा: एखाद्या समाजावरच्या अन्यायाचं एक पुस्तक दिलंत, तर त्याच समाजातल्या खोडकर, आनंदी, सामान्य मुलांची दोन द्या. नाहीतर ‘दलित मूल म्हणजे बिचारं मूल’ एवढंच डोक्यात बसतं, आणि वर्गात तसं मूल असेल तर त्याच्यासाठी ते पुस्तक शिक्षाच ठरते, इथे मराठी अर्थानं.

दहा ते बारासाठी तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ (मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख-गोसावी, नॅशनल बुक ट्रस्ट) अजूनही खणखणीत चालतं. रेल्वेच्या डब्यांतली शाळा मुलांना आवडतेच. पण पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तोचान झाडावर चढवते ते प्रकरण वेगळं काढून वाचा. कोणीही कोणाची कीव करत नाही. दोघं घामाघूम होतात आणि एकदाची शिडी जागेवर बसते. वर तपासणीत अपंग मुलाबद्दल म्हटलं ते असं दिसतं.

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेला १९०१ सालचा मसूर स्टेशनपासून वडील नोकरीला होते त्या गावी जाण्याचा प्रवास याच वयात द्यावा. मुलं महार आहेत हे कळल्यावर गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडं ठरतं आणि गाडी मुलांनाच हाकावी लागते. प्रसंग थोडक्यात आहे, सांगणारा त्यातलाच एक मुलगा आहे आणि वाचणाऱ्या मुलांच्याच वयाचा आहे. वाचून झाल्यावर लगेच प्रश्न विचारू नका. नकाशावर मसूर शोधायला सांगा. बोलणं आपोआप निघतं.

वसईचे सामवेदी ख्रिस्ती, कोकणातून इस्रायलला गेलेले बेने इस्रायल ज्यू, गोर बोली बोलणारे बंजारा यांच्यावर या वयासाठी मराठीत तयार पुस्तकं शोधावी लागतात. सापडली नाहीत तर मोठ्यांच्या पुस्तकातली तीन-चार पानं निवडून वाचून दाखवा. जुनी मासिकंही उपयोगी पडतात. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर आहेत. जुन्या मजकुरात जातीवाचक म्हणी, ‘काळीकुट्ट म्हणून कुरूप’ असली वाक्यं निघतात. आठच्या आतल्यांना तो भाग देऊ नका. दहाच्या पुढच्यांसोबत मात्र तो वाचून ‘हे आज कोणी लिहील का?’ एवढं विचारा.

तेरानंतर बालसाहित्य सोडून सरळ साहित्याकडे वळा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) लहान आहे, आणि माणदेशातले धनगर तिथे पाठ्यपुस्तकी नाहीत. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०) जड जातं, पण पंधराव्या वर्षी झेपतं. आत्मकथनांत हिंसा आणि शिवीगाळ येते, म्हणून आधी स्वतः वाचून ठेवा. बंदी घालायला नाही, मुलानं विचारलं तर उत्तर देता यावं म्हणून.

परदेशातल्या मराठी शाळांत अडचण वेगळी असते. बारा वर्षांचं मूल मराठी छान बोलतं आणि वाचतं पहिलीतल्यासारखं. त्याला ससा-कासव दिलं की ते रुसतं, आणि रास्तच आहे. त्याला मजकूर कमी आणि विषय मोठा असं सचित्र पुस्तक द्या, किंवा उरलेला भाग ऐकवा.

फुकट आणि स्वस्त कुठे मिळतं

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टी अनेक भाषांत फुकट देणारं संकेतस्थळ २०१५ पासून आहे. भाषेच्या चाळणीत मराठी निवडा, मग पातळी: पहिली अडीचशे शब्दांच्या आतली, दुसरी सहाशेपर्यंत, तिसरी पंधराशेपर्यंत, चौथी त्याहून मोठी. पातळी वयाची नसून वाचनाची आहे, हे लक्षात असू द्या. तीच गोष्ट उर्दू, तेलुगू, हिंदीतही उघडून बघा. इथे ती ‘शेवटची दोन’ पुस्तकं कामाला येतात: एकच गोष्ट मराठीत आणि शेजारच्या मुलाच्या घरच्या भाषेत छापली, की दोघं शेजारी बसून पान जुळवत वाचतात, आणि एरवी वर्गात गप्प बसणारं मूल त्या अर्ध्या तासात जाणकार ठरतं. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेत. तिथे हा प्रयोग एका इमारतीतल्या दोन वर्गांतही जमतो. नॅशनल बुक ट्रस्टचीही बरीच बालपुस्तकं अनेक भारतीय भाषांत आहेत आणि खिशाला परवडतात.

छापताना पानांची संख्या चारच्या पटीत आणा. सोळा पानांच्या पुस्तिकेला ए-फोरचे चार कागद पुरतात, दोन्ही बाजूंनी छापून मध्ये दुमडायचे. प्रिंटरमध्ये ‘बुकलेट’ निवडा आणि पान आखूड कडेवर उलटेल असं ठेवा. लांब कडेवर ठेवलंत तर मागची पानं उलटी येतात, आणि हे कळतं ते चौथा कागद बाहेर आल्यावर. कागद शंभर ग्रॅमच्या आसपासचा घ्या. साध्या झेरॉक्सच्या कागदातून मागचं चित्र दिसतं. लेखक, चित्रकार, अनुवादक यांची नावं असलेलं शेवटचं पान काढून टाकू नका. स्टोरीवीव्हरच्या पुस्तकांचा परवाना नावं दिली तर मोकळेपणानं वापरू देतो.

विकत घेण्याआधी चाळायचं असेल तर पाचगणीजवळचं भिलार हे पुस्तकांचं गाव (२०१७) आहे. तिथल्या घरांत बालसाहित्य बसून वाचता येतं. पुस्तकांची नावं वहीत टिपून आणा.

वर्गात काय बिघडतं

सगळ्यात वारंवार होणारी चूक: गोष्टीत तांडा आला की वर्गातल्या बंजारा मुलाकडे वळून ‘तुमच्याकडे असंच असतं ना?’ म्हणायचं. त्याला प्रतिनिधी करू नका. त्याला बोलायचं असेल तर ते दुसऱ्या दिवशी, बहुतेक मधल्या सुट्टीत, येऊन बोलतं.

दुसरी: ही पुस्तकं ‘विशेष’ म्हणून वेगळ्या फळीवर लावायची. ती इतरांत मिसळा. दर पंधरा दिवसांनी सहा-सात पुस्तकं आत-बाहेर करा आणि मुखपृष्ठ समोर येईल अशी मांडा. कणा दिसणारी पुस्तकं लहान मुलं उचलत नाहीत.

सहा महिन्यांनी सतरंजी पुन्हा पसरा. या वेळी रकाने मुलांना भरू द्या. सर्वांत फाटलेलं पुस्तक कोणतं आणि अजून कोरं करकरीत कोणतं, हा सहावा रकाना जोडा. फाटलेल्याची दुसरी प्रत मागवा, आणि कोरं राहिलेलं एकदा स्वतः मोठ्यानं वाचून दाखवा. तरीही कोणी उचललं नाही तर ते कपाटातून काढा.