मनगटावरची नाडी बघून चालायचं कसं

आमच्या घरापासून वरच्या डांबरी रस्त्यापर्यंत जांभ्याची पाखाडी आहे, ८४ पायऱ्यांची. नाडी मोजणारं नवं घड्याळ मनगटावर बांधून पहिल्यांदा ती चढलो, तर वर पोचेस्तोवर नाडी मिनिटाला ९२ ठोक्यांवरून १४६ वर गेली. अंतर किती? शंभर मीटरसुद्धा नाही. कोकणात चढ, घाटी, वाळू सगळं पावलापावलावर बदलतं, त्यामुळे 'रोज पाच किलोमीटर' या हिशेबाला इथे फारसा अर्थ नाही. नाडीच्या हिशेबाने चाला.

आधी घड्याळ नीट बांधा

घड्याळाच्या पोटाखाली हिरवे दिवे लुकलुकतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्यागणिक रक्त कमीजास्त होतं, तसा परत येणारा प्रकाशही बदलतो, आणि त्यावरून घड्याळ ठोके मोजतं. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडे भरकटतात. मनगटाच्या हाडावर बांधू नका, एक बोट वर सरकवा. पट्टा घट्ट हवा, पण वळ उठेल इतका नको. चालून आल्यावर पट्टा सोडा.

बांगड्या घड्याळाला ढकलतात, म्हणून ज्या हातात कमी असतील तो हात निवडा. गोंदणावरही बांधू नका. माझ्या आईच्या डाव्या मनगटावर जुनं हिरवं गोंदण आहे. तिथे घड्याळ कधी ४८ दाखवायचं, कधी नुसती रेघ. उजव्या हाताला बांधल्यावर गाडी रुळावर आली. गोंदणाची शाई प्रकाश अडवते, एवढंच.

कधीकधी घड्याळ ठोक्यांऐवजी पावलंच मोजू लागतं. आरामात चालताय, धाप नाही आणि आकडा एकदम १६० झाला, तर थांबा. दोन बोटं मनगटावर ठेवून ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. खरं काय ते कळेल.

आपले आकडे काढा

सात दिवस सकाळी जाग आल्यावर, उठण्याआधी, चहाच्याही आधी, नाडी बघून कॅलेंडरवर लिहा. सरासरी काढा. मोठ्या माणसाची विश्रांतीची नाडी साधारण ६० ते १०० मध्ये असते.

माझं वय ४८, विश्रांतीची नाडी ७२. कमाल नाडी ढोबळमानाने २२० वजा वय, म्हणजे १७२. त्यातून ७२ गेले, राहिले १००. मध्यम व्यायामासाठी या शिलकीचे ४० ते ५९ टक्के घ्यायचे आणि त्यात विश्रांतीची नाडी पुन्हा मिळवायची. माझ्या नाडीचा पट्टा, म्हणजे खालची-वरची हद्द, आला ११२ ते १३१. त्याच्या वर गेलं की जोराचा व्यायाम. तुमच्या वयाचे आणि नाडीचे आकडे घालून हेच गणित करा. २२० चं सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसात दहाबारा ठोके सहज इकडेतिकडे होतात. म्हणून जोडीला बोलून बघा: सोबत्याशी गप्पा मारता येतात पण आरतीचा सूर लावता येत नाही, तर तुम्ही मध्यम पट्ट्यात आहात.

रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर जातीची गोळी चालू असेल, तर हे गणित सोडून द्या. ती गोळी नाडी वर जाऊच देत नाही, आणि आकडा गाठायच्या नादात माणूस नको इतका दमतो. डॉक्टरांकडून मर्यादा ठरवून घ्या. छातीत दुखलं, दडपलं, चक्कर आली तर घड्याळात बघत बसू नका, थांबा आणि दवाखाना गाठा.

कुठे, कधी, किती

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पाच दिवस ३० मिनिटं धरा. पहिले दोन आठवडे पट्ट्याच्या खालच्या टोकालाच राहा.

पुळणीवर जायचं तर ओहोटी बघून जा. रत्नागिरीजवळच्या भाट्याला ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची ओली वाळू रस्त्यासारखी टणक असते, तिथे माझी नाडी ११५ च्या आसपास राहते. चार पावलं सुरूच्या बनाकडे, कोरड्या भुसभुशीत वाळूत सरकलो की त्याच वेगात १३० पार. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज सहाला मिळालेली टणक वाळू आठवड्याने त्याच वेळी मिळणार नाही. सड्यावरचा, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरचा, रस्ता सपाट खरा, पण सावलीला झाड नाही.

दमट हवेचं वेगळंच आहे. घाम वाळत नाही, अंग थंड व्हायला शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवतं आणि हृदयाला जादा पळावं लागतं. डिसेंबरात ११८ वर होणारी फेरी मे महिन्यात १३३ वर जाते. 'आपला स्टॅमिना गेला' म्हणून लोक उगाच खट्टू होतात. आकडा पट्ट्याच्या वर गेला की वेग कमी करा, वेळ तेवढाच ठेवा.

पाखाडीवर उलट युक्ती. १३५ झाली की उभे राहा, ११० ला आली की पुन्हा चढा. महिन्याभरात थांबे कमी होतात. पूर्वी मला चार लागायचे, आता एक पुरतो.

वजनाचा हिशेब

घड्याळाने सांगितलेल्या कॅलरींवर मात्र विश्वास टाकू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली सात घड्याळं ६० जणांवर तपासली. सातांपैकी सहांची नाडीतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरींत मात्र सर्वांत बरं घड्याळसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं, सर्वांत वाईट ९३ टक्के. घड्याळ म्हणालं ४०० जळल्या म्हणून ४०० खाल्ल्या, तर वजन वाढणारच.

ढोबळ माप असं: ७० किलोचा माणूस पाऊण तास भरभर चालला की २०० च्या आसपास कॅलरी जातात. मोठी वाटीभर भात तेवढाच असतो. अंगावरच्या किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. त्यामुळे ताटातला भात एक वाटीने कमी करून बांगडा आणि कुळथाची पिठी वाढवणं हे चालण्याइतकंच महत्त्वाचं. माशाची कढी असताना भात आवरणं किती अवघड, ते मला सांगू नका.

घड्याळातल्या 'फॅट बर्न' (चरबी जाळणारी) असं लिहिलेल्या पट्टीला भुलू नका. सावकाश चालताना जळणाऱ्यात चरबीचा वाटा जास्त असतो हे खरं, पण मुळात जळतं थोडं. वजनाला एकूण बेरीज लागते. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, चहाआधी करा. सोबत कमरेला टेप लावा: आपल्याकडे पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

विश्रांतीची नाडी लिहिणं मात्र सोडू नका. नेहमीपेक्षा आठदहा ठोके जास्त दिसली, तर रात्री झोप झाली नाही किंवा ताप येऊ घातलाय. त्या दिवशी फेरी नको.

जूनपासून पाखाडीवर शेवाळ धरतं, तिचा नाद सोडा आणि पडवीत फेऱ्या मारा. भातलावणीचे दिवस आले की वेगळा व्यायाम लागत नाही. तेव्हा घड्याळ फडताळात ठेवलेलंच बरं, चिखल पट्ट्याखाली गेला की मनगटाला खाज सुटते.