दादा, मोबाइल कोणता घेऊ?

रोज एखादा तरी मेसेज असतो, 'दादा, व्हिडिओ करायला मोबाइल कोणता घेऊ?' पाठवणारा कधी जिंतूरचा, कधी सेलूचा, कधी थेट उदगीरचा. माझं उत्तर ठरलेलं आहे: हातात आहे तोच राहू दे, पैसे असतील तर आधी कॉलर माइक घे. चित्र जरा धुरकट असलं तर लोक चालवून घेतात. बोलणं ऐकू आलं नाही की लगेच पुढचा व्हिडिओ.

मी परभणीचा. नाटक करतो, पेटी वाजवतो, गातो आणि दोस्तांसोबत विनोदी व्हिडिओचं चॅनल चालवतो. सगळं मिळून घर चालतं, एकट्या कशावरही चाललं नसतं. हे घरच्यांना आधीच सांगून टाका. लातूर पॅटर्नच्या मुलखात पोरगं नीटचा क्लास सोडून रील काढायलंय म्हटल्यावर भावकी बसतेच.

आवाजाचं जरा सविस्तर सांगतो, कारण नव्या पोरांचे निम्मे व्हिडिओ इथंच मरतात. शेतात शूटिंग लावलं की वारा, बोअरची मोटर आणि शेजारच्या गावातल्या सप्ताहाचा भोंगा, तिन्ही एकदम सुरू होतात. माइकला फरचं टोपरं घाला. टेरीकॉटचा शर्ट माइकवर घासून खरखर करतो, म्हणून सुती घाला आणि वायर आतून चिकटपट्टीनं छातीला चिकटवा. सीन संपला की सगळ्यांना गप्प उभं करून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. एडिटिंगला दोन वाक्यांमधली फट बुजवायला तीच लागते. गाणं घरी रेकॉर्ड करायचं असेल तर पहाटेच. तीन बाजूंनी वाकळी टांगायच्या, पंखा बंद. एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत दोन अंतरे होईपर्यंत बनियन पिळून घ्यावं लागतं, पण आवाज स्वच्छ येतो.

कॉलेजात असाल तर विद्यापीठाचा युवक महोत्सव सोडू नका. मोबाइलसमोर दहा टेक मिळतात, रंगमंचावर एकच. भारूड, पोवाडा, एकांकिका, मूकनाट्य, जे मिळेल त्यात घुसा. हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी परभणी, नांदेड, लातूरलाही होते. तिथं आधी नेपथ्य उचलायला मिळालं तरी जा. रीतसर शिकायचं तर छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. 'जिगीषा' या नाट्यसंस्थेची मंडळी याच शहरातून मुंबईला गेली.

गाण्याची कमाई हंगामी. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा द्या, मध्यमा-विशारद झालं की निदान शिकवण्या मिळतात. पण खरं काम आपल्याकडं सप्ताहात आणि जयंतीत. कीर्तनाला पेटीची साथ करता आली तर सप्ताहाच्या दिवसांत रिकामं बसावं लागत नाही, आणि 14 एप्रिलच्या आगेमागे भीमगीतांचे कार्यक्रम गावोगावी असतात. रात्रभर उघड्या मैदानात हजार माणसांसमोर गाऊन जी तयारी होते, ती कुठल्याच क्लासात होत नाही. काही पोरांना हे काम कमीपणाचं वाटतं. मला त्यांची कीव येते.

आता हक्काचं. गाण्यात शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग या तीन वेगळ्या मालमत्ता असतात. पैठणच्या नाथांचं भारूड कुणीही गावं, शब्द सगळ्यांचे आहेत. पण त्याच भारुडाला अलीकडच्या संगीतकारानं लावलेली चाल त्याची असते आणि रेकॉर्डिंग कंपनीचं. शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि पुढं 60 वर्षं टिकतो. त्यामुळं जुन्या ओवीला स्वतःची चाल लावणं हा नव्या गायकाला सगळ्यात बिनघोर मार्ग. दुसऱ्याचं गाणं वापरलं तर यूट्यूबवर बहुतेक वेळा 'क्लेम' येतो, म्हणजे व्हिडिओ राहतो पण जाहिरातीचे पैसे मालकाकडे जाऊ शकतात. 'स्ट्राइक' मात्र वेगळी भानगड आहे, त्यात मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओच काढला जातो. 90 दिवसांत तीन झाल्या की चॅनल जाऊ शकतं.

माझ्या एका मित्राचं गाणं आमच्याच भागातल्या एका स्टुडिओवाल्यानं फुकट रेकॉर्ड करून दिलं आणि स्वतःच्या चॅनलवर टाकलं. गाणं लग्नालग्नांत वाजलं. मित्राला एक ट्रॉफी मिळाली. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सरसकट लिहून घेता येत नाही, पण आपण शब्द लिहिले हे दाखवायला कागद तर पाहिजे! स्टुडिओत जायच्या आधी एका पानावर कुणाचे शब्द, कुणाची चाल, कुणाच्या चॅनलवर जाणार हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. दोस्तीत कशाला कागद, असं जो म्हणेल त्याच्याकडून तर आधी घ्या. मग आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व बघा. चॅनलचं जीमेल खातं कुणाच्या नावावर आणि पैसा कसा वाटायचा, हेही चॅनल चालायच्या आधीच ठरवा, चालल्यावर कुणी ऐकत नसतं.

जाहिरातीच्या पैशांसाठी 1,000 सबस्क्रायबर आणि त्यासोबत एकतर वर्षभरात 4,000 तास बघणं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज लागतात. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले 55 टक्के आपले, शॉर्ट्सवर 45. खात्यात 100 डॉलर साठल्याशिवाय पैसे निघत नाहीत, आणि पत्ता तपासायचा पिन पोस्टानं येतो. वाडी-तांड्यावर राहत असाल तर पोस्टमनला आधीच सांगून ठेवा. सुरुवातीला खरा पैसा गावातल्या जाहिरातींचा असतो: कापड दुकान, कृषी केंद्र, शिकवणी. पैसे घेतले असतील तर व्हिडिओत जाहिरात असल्याचं सांगा. आणि ज्या बियाण्याची खात्री नाही त्याची जाहिरात करू नका. बघणाऱ्यांत आपला चुलताही असतो, पेरणी त्याची असते.

बोलीवरून वाद होतात. मकरंद अनासपुरे, संदीप पाठक यांच्यामुळं मराठवाडी बोलणं पडद्यावर आलं, पण त्यांची नक्कल म्हणजे मराठवाडी नव्हे. 'कामून' म्हणणारा जालन्याकडचा आणि 'काय करलालास' म्हणणारा नांदेडकडचा एकाच घरातले भाऊ दाखवले की आपली माणसं लगेच ओळखतात. स्वतःच्या आजीसारखं बोला. आणि ऑडिशनला प्रमाण मराठीही आली पाहिजे, नाहीतर जन्मभर हवालदार आणि गड्याचे रोल.

मुंबईला लगेच पळू नका. पहिली फेरी हल्ली बहुतेक वेळा घरून पाठवलेल्या व्हिडिओवरच होते. साधी भिंत, मोबाइल आडवा, नाव, वय, उंची, दोन्ही बाजूंचा चेहरा आणि मग सीन. समोरचे संवाद वाचणाऱ्याला माइकपासून लांब बसवा, नाहीतर त्याचाच आवाज जास्त येतो. ऑडिशनसाठी पैसे मागणाऱ्याचा नंबर सरळ ब्लॉक. निवड झाली की मग मुंबईच्या देवगिरी एक्सप्रेसचं तिकीट काढा. मालिकेचे पैसे साधारण 90 दिवसांनी हातात पडतात, म्हणून तीन महिन्यांचं भाडं आणि डबा सोबत घेऊनच जायचं. आम्ही ते एप्रिलच्या कार्यक्रमांतून बाजूला काढतो.