पफ मारायच्या कामाला लागताय? गन शेवटी मागा

डिप्लोमा झाल्यावर तीन महिने घरी बसलो आणि मग पफ मारणाऱ्या, म्हणजे पत्र्यावर उष्णता अडवणारा पॉलियुरेथेन फोम फवारणाऱ्या, एका कॉन्ट्रॅक्टरकडे हेल्पर म्हणून चिकटलो. पहिली साइट सिन्नरच्या एमआयडीसीतलं एक गोदाम. ऑपरेटर काका पत्र्याला आतून गन मारत होते. आधी नुसता ओला पट्टा दिसायचा, मनात तीन मोजेपर्यंत तो भाकरीसारखा टम्म फुगायचा आणि थोड्याच वेळात नख रुतणार नाही इतका कडक व्हायचा. मला तेव्हाच गन पाहिजे होती. मिळाले ड्रम. आठ महिने.

आता नवीन पोरं येतात तीही गनकडेच बघत उभी राहतात, म्हणून हे लिहितोय.

ड्रम दोन, दोन्हीतला माल मिसळला की फोम होतो. एकात आयसो, म्हणजे आयसोसायनेट, काकवीच्या रंगाचा. दुसऱ्यात पॉलिओल, जरा फिकट. प्रत्येक ड्रममध्ये हवेवर चालणारा ट्रान्सफर पंप उभा असतो, तो माल मशीनपर्यंत पोचवतो. मशीनमध्ये सारख्या मापाचे दोन पंप जोडीनं चालतात, म्हणून मापाला एकास एक प्रमाण पडतं. तिथेच हीटर माल ४५ ते ६० अंशांपर्यंत तापवतात आणि १००० ते १५०० पीएसआय प्रेशरनं तो होजमध्ये, म्हणजे गनकडे जाणाऱ्या पाइपमध्ये, जातो. दोन्ही माल एकमेकांना भेटतात ते थेट गनच्या मिक्सिंग चेंबरमध्ये. हे चेंबर बोटाच्या पेरापेक्षा मोठं नसतं. तिथे येईपर्यंत प्रमाण, तापमान, प्रेशर यांपैकी काही बिघडलेलं असेल, तर गन धरणारा कितीही तयारीचा असो, फोम बिघडणारच. आयसो जास्त पडला की फोम ठिसूळ होतो, बोटानं चुरला जातो. पॉलिओल जास्त पडला की चिकट, मऊ राहतो आणि पुढे आकसून पत्र्यापासून सुटतो.

ड्रमवर हेल्परचं लक्ष लागतं ते पाण्यासाठी. आयसोला पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि खडे धरतात. पावसाळ्यात झाकण उघडं टाकून चहाला गेलात, तर दुसऱ्या दिवशी गाळणी चोंदलेली सापडेल. ड्रममध्ये हवा जायच्या भोकाला ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची डबी लावतात, दाणे ओले झाल्याची खूण दिसली की बदलायची. पाणी गेलेला ड्रम घट्ट बंद करून तर कधीच ठेवू नका. आतला वायू कोंडतो, ड्रम फुगतो आणि फुटूही शकतो.

दुसरी गोष्ट थंडी. डिसेंबरात निफाडकडे काम असलं की सकाळी पॉलिओल इतका घट्ट झालेला असतो की ट्रान्सफर पंपाला ओढवत नाही. जुनी माणसं ड्रमला हीटरचा पट्टा गुंडाळून मोकळी व्हायची. पण काकांच्या वहीतले बरेच आकडे २०२० पासून निकामी झाले. त्या वर्षी १ जानेवारीपासून आपल्याकडे एचसीएफसी-१४१बीची आयात बंद झाली. पफ फुगवायला बहुतेक ठिकाणी तोच वापरत होते. तो ३२ अंशांना उकळायचा. त्याच्या जागी आलेल्या काही नव्या पॉलिओलमधलं द्रव्य १९ अंशांनाच उकळतं. असा ड्रम जास्त तापवला की आत फेस होतो आणि पंप मालाऐवजी वायू ओढतो. म्हणून मालासोबत आलेला कागद वाचा. किती तापवायचं ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

होजबद्दल फार सांगत नाही. १५-१५ मीटरचे तुकडे जोडलेले असतात, आत गरम करायची तार असते, आयसोला लाल खूण आणि पॉलिओलला निळी. वेटोळं करून ठेवलेल्या होजचा हीटर चालू करू नका, एवढं पुरे.

आता माझी चूक. पाचव्या महिन्यात काका म्हणाले, "आज मशीनवर तू बस, दोन काट्यांवर नजर ठेव." दोन्ही बाजूंचं प्रेशर जोडीनं चाललं पाहिजे, एक काटा मागे पडला की ओरडायचं, एवढंच काम. मी मोबाइल बघत बसलो. आयसोची गाळणी चोंदत गेली, आयसोचा काटा ६०० वर आला आणि पॉलिओल १२०० वरच होता. काकांनी ट्रिगर दाबलेलाच होता. जास्त प्रेशरचा पॉलिओल चेंबरमधून उलटा आयसोच्या बाजूला घुसला आणि तिथेच फोम झाला. याला क्रॉसओव्हर म्हणतात. आम्ही गन खोलली तेव्हा चेक व्हॉल्व्हची (माल उलटा जाऊ नये म्हणून असतो तो) स्प्रिंग पिवळ्या दगडात अडकल्यासारखी दिसत होती. गनचा एक अख्खा ब्लॉक आणि पुढचा तीन मीटरचा होज फेकावा लागला. काका चिडले नाहीत, ते जास्त लागलं. "बस, आता हेच साफ कर," म्हणाले.

साफ करताना मला हे काम समजायला लागलं. दिवस कसा जाणार ते आदल्या संध्याकाळी ठरतं. हीटर बंद करायचे. आयसो पंपाचा दांडा खाली नेऊन थांबवायचा, नाहीतर उघड्या दांड्यावर आयसो सुकतो आणि सकाळी पंपाचं सील फाटतं. गनचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचे, हवा चालू ठेवून एखाद्या पुठ्ठ्यावर उरलेलं प्रेशर काढायचं. मग ग्रीसगननं एकदोन दाब, टोकातून ग्रीसचा धुरळा दिसेपर्यंत, आणि त्यानंतरच हवा तोडायची. चेंबरची भोकं साफ करायला ड्रिलचे केसासारखे बारीक बिट मिळतात. ते बोटात धरून फिरवायचे, ड्रिल मशीनला लावायचे नाहीत. भोक जरा मोठं झालं की फवाऱ्याचा पंखा एका बाजूला ओढतो. हे सगळं वीस मिनिटांचं आहे. पण कपडे बदलून बाकीचे टेम्पोत बसलेले असतात आणि हॉर्न वाजवत असतात.

गन आली की अंगात हवा जाते. सुरुवात कायम प्लास्टिकच्या कागदावर करा. फोमचा रंग, फुगायची गती बघा आणि मगच पत्र्याकडे वळा. पत्र्यावर सकाळचं दव असेल तर थांबा. एका वेळी इंचभराच्या आसपास थर पुरे, घाई करून जाड मारलात तर आतली उष्णता अडकते, फोम करपतो, तडकतो. कापलेल्या ताज्या फोमचा ढीगही कोपऱ्यात साठवू नका, तो आतून पेट घेऊ शकतो. छपरावरून बाहेर मारताना वारा कुठे वाहतोय आणि खाली कुणाची गाडी उभी आहे ते आधी बघा. काचेवर बसलेले ठिपके रॉकेलनं निघत नाहीत, मी प्रयत्न केलाय.

आणि छाती. आयसोच्या वाफेचा आणि तुषारांचा दमा जडतो. एकदा शरीर बिथरलं की पुढे जरासा वास लागला तरी धाप लागते, आणि मग हे काम सोडावंच लागतं. वास येत नाही म्हणजे हवा चांगली, असंही समजू नका. आयसो घातक होतो तेव्हाही वास येईलच असं नाही. बंद जागेत मारताना बाहेरून हवा येणारा मास्क हवा, आणि मास्कची हवा पफ मारायच्या जागेपासून लांबून घेतलेली हवी.

मुलाखतीला गेलात तर पगाराच्या आधी हेच विचारा. मी एका ठिकाणी विचारलं तेव्हा मालक हसून म्हणाले, "मास्क? रुमाल बांध ना रे." मी त्यांचा चहा पिऊन निघालो.