पहिला एफपीव्ही ड्रोन बांधताय? या चुका टाळा

पहिला एफपीव्ही ड्रोन, म्हणजे ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचं चित्र गॉगलमध्ये बघत उडवायचा ड्रोन, हवेतून पडून मोडतो, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा टेबलावरच जळतो. कधीकधी तर त्याच्याही आधी, मोबाइलवर कार्ट भरतानाच त्याचं वाटोळं झालेलं असतं. दहावी-बारावीच्या आणि डिप्लोमाच्या मुलांचे प्रश्न ठरलेले असतात. ‘‘दादा, रेंज किती मिळेल?’’ आणि लगेच, ‘‘स्पीड?’’ ज्याला अजून ड्रोन एका जागी दहा सेकंद धरता येत नाही, त्याने रेंजच्या फंदात पडूच नये. आधी विचारायला हवं ते हे, की कोणती वस्तू आधी घ्यायची आणि कोणती नंतर.

खरेदीचा क्रम उलटा

नेहमीचा प्रकार असा. यूट्यूबवर पाच इंची (पाच इंचाचे प्रॉपेलर असलेल्या) ड्रोनचे व्हिडिओ बघायचे, मग फ्रेम घ्यायची, मोटर घ्यायच्या, आणि पैसे संपत आले की उरल्यासुरल्यात जो मिळेल तो रिमोट उचलायचा. क्रम नेमका उलटा हवा. रिमोट आधी. फ्रेम मोडते, मोटर जळते, पण चांगला रिमोट पुढच्या पाच ड्रोनना पुरतो. २.४ गिगाहर्ट्झचा, एक्सप्रेसएलआरएस ही रेडिओ सिस्टिम असलेला रिमोट घ्या आणि यूएसबीने तो लॅपटॉपला जोडता येतो ना, हे बघा. ९१५ मेगाहर्ट्झचा स्वस्तात मिळाला तरी नको. ती फ्रिक्वेन्सी आपल्याकडे विनापरवाना वापरायला मोकळी नाही.

रिमोट आला की सिम्युलेटर. लिफ्टऑफ, व्हेलोसिड्रोन, कोणताही चालेल, पण जुन्या लॅपटॉपवर तो चालेल का हे पैसे भरण्याआधी तपासा. इथे एक पळवाट सगळे शोधतात, ती म्हणजे अँगल मोड. त्यात स्टिक सोडली की ड्रोन आपोआप सरळ होतो, त्यामुळे आपल्याला जमलं असं वाटतं. जमलेलं काहीच नसतं. पहिल्या दिवसापासून अॅक्रो मोडच लावा, त्यात ड्रोन आपोआप सरळ होत नाही. दोन-तीन दिवस वैताग येईल, मग अचानक हात बसतो.

त्यानंतर ६५ मिलिमीटरचा व्हूप, म्हणजे चिमुकला ड्रोन. बॅटरीसकट साधारण ३० ग्रॅमचा, पंख्यांभोवती कडं असलेला. हॉलमध्ये उडतो, भिंतीवर आपटतो, पुन्हा उडतो. फक्त छताचा पंखा बंद ठेवा. पाच इंची ड्रोन बॅटरीसकट ६००-७०० ग्रॅमचा असतो आणि ताशी १०० किलोमीटरच्या वर सहज जातो. त्याचा प्रॉपेलर बोटाला लागला तर टाके पडतात. पहिल्यांदा शिकायला ही वस्तू नव्हेच. बांधायची हौस असेल तर व्हूपवर हात बसल्यावर बांधा, तेव्हा बिघाड उडवण्यात आहे की बांधणीत, हे तरी कळेल.

गॉगल घेताना लक्षात ठेवा, एका कंपनीची डिजिटल सिस्टिम दुसऱ्या कंपनीच्या गॉगलवर दिसत नाही. डीजेआय, वॉकस्नेल, एचडीझीरो, तिन्ही आपापल्या दुनियेत. म्हणजे गॉगल ठरला की पुढच्या प्रत्येक ड्रोनचा व्हिडिओ ट्रान्समीटरही ठरला. कमी बजेटमध्ये अॅनालॉग अजूनही वाईट नाही. चित्र अस्पष्ट असतं, पण तुटलेला व्हूप दुरुस्त करायला खिसा रिकामा होत नाही. चष्मा असेल तर गॉगल डोळ्यांवर लावून बघितल्याशिवाय घेऊ नका.

आणखी एक, परदेशी वेबसाइटवरून तयार ड्रोन मागवायचा विचार असेल तर सोडून द्या. परकीय व्यापार महासंचालनालयाने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. पूर्ण तयार असो वा जोडणीचा किट, दोन्ही त्यात आले. सुट्या भागांना ती बंदी नाही. पार्सल कस्टममध्ये अडकलं की पैसेही अडकतात, म्हणून इथल्याच दुकानदारांकडून घ्या.

दिसायला सारखं, पण जुळत नाही

सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात. व्हूपच्या बॅटरीला पीएच २.० कनेक्टर असतो, बीटी २.० असतो, ए३० असतो. तुमच्या ड्रोनवर कोणता आहे हे न बघता सहा बॅटऱ्यांचा सेट आला, की ती कनेक्टर बदलायची शिक्षा. प्रॉपेलरचंही तसंच. मोटरचा शाफ्ट १ मिलिमीटरचा आणि प्रॉपचं भोक दीडचं, तर पंखा बसल्यासारखा वाटतो आणि थ्रॉटल दिला की उडून जातो. मोठ्या ड्रोनमध्ये फ्लाइट कंट्रोलर या मुख्य बोर्डाच्या भोकांचं अंतर बघा, २०, २५.५ की ३०.५ मिलिमीटर, आणि फ्रेमवर तीच भोकं आहेत का, ते.

मोटर आणि बॅटरीची जोडी चुकली तर गंमत राहत नाही. पाच इंचीसाठी २४०० केव्हीच्या (केव्ही म्हणजे एका व्होल्टमागे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) आसपासची मोटर ४एस, म्हणजे चार सेलच्या बॅटरीची आणि १७०० ते १९५० केव्हीची ६एसची. ‘‘४एसच्या मोटरला ६एस लावली तर जास्त पळेल ना?’’ पळेल, थोडा वेळ. मग मोटर तापेल आणि पाठोपाठ ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा बोर्ड जाईल.

अँटेनाचा घोळ मात्र नीट समजून घ्या, कारण तो डोळ्यांना सहज दिसत नाही. एसएमए आणि आरपी-एसएमए हे दोन कनेक्टर बाहेरून जुळे भाऊ. आटेही एकमेकांत बसतात. आत बघा. एकाच्या मध्यभागी बारीक सोनेरी पिन असते, दुसऱ्याच्या मध्यभागी भोक. पिन आणि भोक समोरासमोर आले तर जोड बरोबर. भोकासमोर भोक आलं तर अँटेना घट्ट बसलेली असूनही ती लागलेलीच नाही. अशा अवस्थेत व्हिडिओ ट्रान्समीटर चालू केला की त्याची ताकद बाहेर जायला वाट राहत नाही आणि तो जळू शकतो. दुसरी गोष्ट पोलरायझेशनची, म्हणजे अँटेनाच्या लहरी उजवीकडे फिरतात की डावीकडे याची. ड्रोनवर आरएचसीपी (उजवा) असेल तर गॉगलवरही आरएचसीपीच हवा. एक उजवा आणि एक डावा झाला तर खोलीत चित्र ठीक दिसतं आणि मैदानात थोडं दूर गेलं की नुसत्या मुंग्या.

बॅटरी जोडण्याआधी

गल्लीतल्या दुकानातलं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न रेडिओ दुरुस्तीला ठीक आहे. एक्सटी६० कनेक्टरची जाड वायर बोर्डाच्या मोठ्या पॅडवर लावायला ते पुरत नाही, कारण पॅड सगळी उष्णता पिऊन टाकतो. टोक धरून बसलात की बोर्ड तापत राहतो आणि सोल्डर काही वितळत नाही. ६० वॅटच्या आसपासचं, तापमान ठेवता येणारं आयर्न, रुंद टोक, ६३/३७चं शिसं असलेलं सोल्डर आणि फ्लक्स घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात हे सगळं एका फेरीत मिळतं. आधी पॅडवर सोल्डर चढवा, मग वायरवर, आणि शेवटी दोन्ही एकत्र तापवा. जमलेला जोड चकचकीत असतो आणि पॅडच्या कडेपर्यंत पसरतो. न जमलेला साबुदाण्याच्या दाण्यासारखा नुसता वर बसतो, नखाने ढकलला की निघतो. काम करताना खिडकी उघडी ठेवा, झाल्यावर हात धुवा.

मग मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर (बीप वाजणाऱ्या सेटिंगवर) लावून, बॅटरी न जोडता, ड्रोनवरच्या बॅटरी कनेक्टरच्या प्लस-मायनस टोकांवर धरा. कपॅसिटर चार्ज होताना क्षणभर बीप आला तर ठीक. सलग बीप वाजत राहिला तर शॉर्ट आहे, बॅटरी लावायची नाही. कपॅसिटर उलटा लावलेला नाही ना, हे इथेच बघून घ्या. त्याच्या अंगावरचा पट्टा मायनसकडे. मोटरचे स्क्रू जास्त लांब असतील तर ते आतल्या तांब्याच्या वाइंडिंगला टेकतात आणि पहिल्याच थ्रॉटलला धूर निघतो. खालून टॉर्च मारून बघा. पहिल्यांदा बॅटरी जोडताना स्मोक स्टॉपर मध्ये लावा. शॉर्ट असला तर तो प्रवाह रोखतो आणि बोर्ड वाचतो. एका बोर्डाच्या किमतीत असे बरेच स्मोक स्टॉपर येतात, तरी मुलं त्याच्यावर पैसे वाचवतात, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

टेबलावर प्रॉप कधीही लावलेले नकोत. याला अपवाद नाही.

‘सगळं बरोबर आहे, पण उडत नाही’

ड्रोन आर्मच होत नसेल, म्हणजे मोटर फिरायला तयारच होत नसतील, तर आधी यूएसबी वायर काढा. बीटाफ्लाइट, म्हणजे ड्रोनच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरवर जोडलेलं असताना ड्रोनला मुद्दामच आर्म होऊ देत नाही. तरीही नाही झाला तर सीएलआयमध्ये (बीटाफ्लाइटच्या कमांड टाइप करायच्या टॅबमध्ये) स्टेटस ही कमांड द्या. शेवटी आर्मिंग का अडलंय ते लिहून येतं: थ्रॉटल वर आहे, रिसीव्हर नाही, ड्रोन तिरका ठेवलाय, असं काहीतरी. कॉम्प्युटरला ड्रोन दिसतच नसेल तर वायर बदला. मोबाइल चार्जरबरोबर आलेल्या काही वायरींतून नुसती वीज जाते, डेटा जातच नाही.

आर्म झाला आणि थ्रॉटल देताच कोलांटी मारली, तर पीआयडी ट्यूनिंगच्या, म्हणजे उडण्याच्या सेटिंगचे आकडे बदलण्याच्या नादाला लागू नका. कारण चारपैकीच एक असतं: मोटरचा क्रम, मोटरची दिशा, प्रॉपची बाजू किंवा फ्लाइट कंट्रोलर फिरवून बसवलेला. बीटाफ्लाइटमध्ये मागची उजवी मोटर १, पुढची उजवी २, मागची डावी ३, पुढची डावी ४. मोटर टॅबमध्ये एकेक फिरवून बघा. मग बोर्ड हातात धरून पुढे झुकवा, स्क्रीनवरचं मॉडेलही पुढेच झुकलं पाहिजे.

रिसीव्हर जुळत नसेल तर रिमोट आणि रिसीव्हरच्या एक्सप्रेसएलआरएसची आवृत्ती बघा. एकाकडे २ आणि दुसऱ्याकडे ३ असेल तर ते एकमेकांना ओळखत नाहीत. रिसीव्हरचा दिवा भराभर लुकलुकतोय? मग तो वायफायमध्ये गेलाय. सिग्नल न मिळाल्यास साधारण मिनिटभराने तो आपोआप जातो. रिमोट आधी चालू करून ड्रोनची बॅटरी पुन्हा जोडा. दिवा स्थिर आहे पण बीटाफ्लाइटमध्ये स्टिक हलत नाही, तर टीएक्स-आरएक्सच्या (डेटा पाठवण्याच्या-घेण्याच्या) वायरी अदलाबदल झाल्यात किंवा पोर्ट्स टॅबमध्ये सीरियल आरएक्स, म्हणजे रिसीव्हरची सेटिंग, भलत्याच यूएआरटीवर (बोर्डावरच्या पोर्टवर) चालू आहे.

नवीन तयार व्हूप आल्या आल्या फर्मवेअर ‘अपडेट’ करायची खाज आवरा. कंपनीने ट्यून करून दिलेला ड्रोन चुकीचं टार्गेट (दुसऱ्याच बोर्डाचं फर्मवेअर) टाकून बंद पाडणारे खूप आहेत. काहीही बदलण्याआधी सीएलआयमध्ये डिफ ऑल ही कमांड देऊन आलेला सेटिंगचा मजकूर जपून ठेवा.

बॅटरीचे लाड

लायपो बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. ३.५ दिसू लागले की उतरा. दोन-चार दिवस उडवायचं नसेल तर ३.८ वर ठेवा, परीक्षेच्या काळात तर नक्कीच. १३०० एमएएचची बॅटरी १.३ अँपिअरवर चार्ज करा. शेजारी बसून करा, रात्री लावून झोपू नका. फुगलेली बॅटरी बाद. मे महिन्यात स्कूटीच्या डिकीत बॅटऱ्या ठेवून क्लासला जायचं नाही. विमानाने जात असाल तर त्या केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

मैदानावर

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला आणि हौसेखातर उडवलेल्या मायक्रोला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. म्हणून कुठेही उडवता येतो असं नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत ग्रीन झोन (परवानगीशिवाय उडवायचा भाग) नसतोच, म्हणजे पुण्यात लोहगाव विमानतळामुळे विमाननगर, खराडी बाद. मुंबईत पोलिसांचे बंदी आदेश वेळोवेळी निघतात. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा बघा आणि नोंदणीचे चालू नियम सरकारी संकेतस्थळावरच वाचा. गॉगल लावल्यावर आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून शेजारी एक मित्र उघड्या डोळ्यांनी उभा हवाच.

व्हिडिओ चॅनेलही बघून निवडा. आपल्याकडे ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे. रेसबँड या आठ व्हिडिओ चॅनेलांच्या गटातले ३, ४, ५, ६ हे चॅनेल त्यात बसतात. १, २, ७ आणि ८ बाहेर पडतात. पॉवर शिकताना २५ मिलिवॅट पुरते.

उडवण्याआधी फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर ड्रोन काय करतो ते, तपासा. प्रॉप काढून आर्म करा आणि रिमोट बंद करा. मोटर लगेच थांबल्या पाहिजेत. फिरतच राहिल्या तर त्या दिवशी उडवू नका. बझर लावला नसेल तर निदान मोटरमधून बीप काढायची सोय बीटाफ्लाइटमध्ये एका स्विचवर ठेवा. पण बॅटरी निसटून पडली की तीही गप्प होते, म्हणून स्वतःची छोटी बॅटरी असलेला बझर मोठ्या ड्रोनला लावलेला बरा. पडल्यावर लगेच धावत सुटू नका. गॉगलमधलं रेकॉर्डिंग मागे नेऊन शेवटची काही सेकंदं बघा, कोणतं झाड, कोणता बांध. आणि शेजारी उसाचा फड असेल तर दुसरं मैदान शोधा.