बॉटनी घेताय? आधी हात तयार करा

बॉटनी म्हणजे नुसतं पाठांतर, या समजुतीनं बरीच मुलं बी.एस्सी.ला हा विषय घेतात. थिअरीत ते थोडंफार खपतं. पण प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, टेबलाशी येऊन ‘झायलेम (पाणी वाहून नेणारा भाग) फोकस करून दाखवा’ म्हणतात, तेव्हा मार्क हातालाच मिळतात. त्यामुळे पहिल्या महिन्यापासून सेक्शनची, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा पातळ काप घेण्याची, सवय लावा. लॅबचं सामान कधी मोडकं तर कधी दुसऱ्याच्या हातात असतं, म्हणून ब्लेडचं पाकीट, दोन नीडल, झिरो नंबरचा ब्रश आणि दहापट भिंग स्वतःचंच ठेवा.

सेक्शनसाठी सूर्यफुलाचं कोवळं खोड उत्तम. पान असेल तर बटाट्याच्या किंवा गाजराच्या फोडीला चीर देऊन त्यात धरा. ब्लेड आणि खोड दोन्ही ओलं हवं. ब्लेड करवतीसारखं मागे-पुढे न चालवता एका दमात आपल्याकडे ओढा. पंधरा-वीस सेक्शन पाण्यात पाडून सगळ्यात पातळ तेवढा ब्रशनं उचला. पूर्ण गोलाचा हट्ट नको, पातळ अर्धा सेक्शन जाड पूर्णापेक्षा कधीही बरा. व्हेसल्स (झायलेममधल्या नळ्या) गोलाऐवजी लांबट दिसल्या तर ब्लेड तिरकं गेलंय असं समजा.

सॅफ्रॅनिन हा रंग लिग्निन (पेशीभित्ती कडक करणारं द्रव्य) असलेल्या भागाला लाल करतो. सगळाच सेक्शन लालभडक झाला तर रंग जास्त बसलाय, तो पाण्यात धुऊन उतरवा. मग ग्लिसरीनचा थेंब टाकून कव्हर स्लिप (वरून झाकायची पातळ काच) एका कडेनं टेकवा आणि नीडलच्या आधारानं हळू खाली सोडा. सपाट टाकली की हवा अडकते. जाड काळ्या कडेचा, आत काहीच नसलेला गोल हा बुडबुडा असतो. दर वर्षी कुणीतरी त्याची पेशी म्हणून सुबक आकृती काढतंच!

परमनंट स्लाइड करताना सेक्शनमधलं पाणी काढायला अल्कोहोलच्या पायऱ्या 30, 50, 70, 90, 100 टक्के अशा चढत जातात, नंतर झायलीन. झायलीनमध्ये सेक्शन दुधाळ झाला तर पाणी राहिलेलं असतं. पुन्हा शंभर टक्क्यांत न्या. पावसाळ्यात बाटली उघडी राहिली तर अल्कोहोलच हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे जुनी बाटली आधी संशयित धरा.

कांद्याच्या मुळातलं मायटोसिस (पेशी विभाजन) न दिसण्याची कारणं बहुधा दोनच: मुळं भलत्या वेळी फिक्स केलेली (पेशी आहेत त्या अवस्थेत द्रावणात थांबवलेली) असतात किंवा तुकडा लांब घेतलेला असतो. मुळं सकाळी कापून एक भाग ॲसिटिक ॲसिड आणि तीन भाग अल्कोहोल यात 24 तास ठेवा, मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये. ॲसिटो-ऑर्सिन या रंगाचे नऊ थेंब आणि 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब यात मुळं मंद गरम करा, उकळू नका. गडद रंगलेलं फक्त एक-दोन मिलिमीटरचं टोक घ्या, बाकीचं टाकून द्या. टिपकागदाखाली अंगठ्यानं सरळ दाबा. कव्हर स्लिप सरकली की पेशींची गुंडाळी होते आणि स्लाइड गेलीच.

हर्बेरियम, म्हणजे दाबून वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, सबमिशनच्या आठवड्यात होत नाही. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर हाच खरा हंगाम. फूल किंवा फळ असलेला नमुना घ्या, गवत असेल तर मुळासकट. शीट 29 × 42 सेंटिमीटरची, लेबल खाली उजवीकडे. पहिले काही दिवस नमुना ज्यात दाबलाय ती रद्दी रोज बदला, नाहीतर पावसाळी दमटपणात पानं काळी पडून बुरशी धरते. मांसल झाडं दाबण्याआधी उकळत्या पाण्यातून काढा, नाहीतर ती प्रेसमध्येही जगत राहतात. केन्याची फुलं तोडल्या तोडल्या दाबा, घरी पोचेपर्यंत त्यांचा लगदा होतो. फुलाचा रंग, वास, चीक, जागा, तारीख जागच्या जागी लिहा, वाळल्यावर यातलं बरंचसं कळत नाही. कंदीलपुष्पासारखी दुर्मिळ वनस्पती दिसली तर फोटो काढा आणि पुढे चला, कंद उपटू नका.

ओळख पटवायला थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींची नोंद असलेला ग्रंथ (1901–1908), अजून कामी येतो, पण नावं जुनी आहेत. टाकळा तिथे ‘कॅसिया टोरा’ म्हणून सापडेल, आज त्याला ‘सेना टोरा’ म्हणतात. चालू नाव लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ऑनलाइन यादीत ताडून घ्या. कूळ (फॅमिली) मात्र तुमच्या सिलॅबसमध्ये बेंथम-हूकर ही जुनी वर्गीकरण पद्धत आहे की डीएनएवर आधारलेली नवी एपीजी, ते पाहून लिहा. अडलंच तर विभागाचं पत्र घेऊन पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण किंवा आघारकर संस्था, मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लाटर हर्बेरियम इथल्या नमुन्यांशी जुळवून पाहता येतं.

नोकरीबद्दल एक गोष्ट प्रवेशाआधीच कळायला हवी. राज्य कृषी सेवेतल्या कृषी अधिकारी पदांना कृषी शाखेची पदवी लागते, बॉटनीची चालत नाही. प्राध्यापकीसाठी नेट ही पात्रता परीक्षा द्यायची तर त्यात बॉटनीचा वेगळा पेपर नाही, लाइफ सायन्सेस द्यावा लागतो. 200 पैकी 100 मार्क पार्ट सी या शेवटच्या भागाचे: 75 पैकी 25 प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी 4 मार्क, चुकलं की पाव भाग कापला जातो. वनस्पती शरीरक्रिया आणि पर्यावरण तुमच्या पदवीतच होतं. सेल बायॉलॉजी, इम्युनॉलॉजी मात्र एस.वाय.पासूनच सोबत वाचायला घ्या, कारण एम.एस्सी.ला डेझर्टेशन सुरू झालं की तेवढा वेळ मिळत नाही.